टिकलीपर्यंत पाणी

२०२२ साली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मे महिन्याच्या सुरुवातीलाच आली होती. सुनंदाबाईंच्या समुद्राला उतरती कळा लागली ती त्याच दिवसापासून. पण हे कळायला बरेच दिवस गेले, आणि तोवर त्यांनी निम्म्या बुऱ्हाणपुराशी भांडून घेतलं होतं.

समुद्र म्हणजे बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीतली चार फुटी काचेची टाकी. खरा समुद्र इथून रेल्वेने एक रात्र लांब. तापी रोज तिकडे जाते, पण तिकडची खबर काही आणत नाही. त्या टाकीत सुनंदाबाईंनी खारं पाणी केलं होतं, तळाला पांढरी वाळू, मध्ये भोकाभोकांचे खडक, काचेवर चार-सहा गोगलगाई, एक झिंगा, आणि एका खडकाच्या खोबणीत पाय रोवून बसलेलं समुद्रफूल. नावाचं फूल, जातीचा प्राणी. दिवा लागला की ते ताटलीएवढं उमलायचं, त्याची बदामी बोटं पाण्यात डोलायची, आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी त्या बोटांत शिरून अंग घुसळत बसायची. परका मासा तिथे गेला तर फूल त्याला डंख मारतं. ही जोडी मात्र त्याच्या घरची.

सुनंदाबाई मासे पाळायला लागल्या त्या नेपानगरच्या कॉलनीत. सुधाकरराव तिथे कागद कारखान्यात बॉयलरवर होते. ऐंशीच्या दशकात असली टाकी दुकानात मिळत नसे. शेजारच्या फिटरने लोखंडी अँगल जोडून, काचा बसवून, कडेने लांबी भरून दिली होती, आणि पहिला महिनाभर ती थेंब थेंब गळत असे. त्या टाकीत गप्पी होत्या, मग मोली आल्या, मग एंजल. कॉलनीतल्या बायका संध्याकाळी लेकरांना भरवायला सुनंदाबाईंच्या ओट्यावर यायच्या. मासा दाखवला की पोर तोंड उघडायचं. गोड्या पाण्याच्या टाक्या त्यांनी पस्तीस वर्षं सांभाळल्या. त्या म्हणत, "गोड्या पाण्याचे मासे म्हणजे शेजारच्यांची पोरं, जे मिळेल ते खाऊन वाढतात. खाऱ्या पाण्याचे म्हणजे जावई. सगळं मनासारखं लागतं, आणि रुसायला कारण लागत नाही."

मग हा जावई घरात आणायचा कशाला, असं सुधाकरराव विचारत. त्याचं उत्तर सुनंदाबाईंनी कधी नीट दिलं नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कारखान्यातल्या लोकांची सहल कोकणात गेली होती, हरिहरेश्वरला. ओहोटीच्या वेळी खडकातल्या वीतभर डबक्यात त्यांना एक फूल दिसलं. त्यांनी बोट घातलं, आणि फुलाने बोट धरलं. चिकट, हलकं, तान्ह्या बाळाने धरावं तसं. वरून सुधाकरराव ओरडत होते, "चल गं, बस सुटेल!" बोट सोडवून घ्यावं लागलं. चाळीस वर्षं झाली, पण त्या बोटाला ते धरणं आठवत होतं. आता हे नवऱ्याला कसं सांगायचं?

खाऱ्या पाण्याचा पहिला प्रयत्न लॉकडाऊनमध्ये झाला. सुनंदाबाईंनी 'मीठ ते मीठ' म्हणून किराण्यातलं खडेमीठ विरघळवलं. एका दिवसात सगळं उताणं. दुसऱ्या वेळी समुद्राचं खास मीठ आणलं, पण ते दोघं तुकईथड गावी लग्नाला गेले असताना लाइट गेली आणि पंप थांबला. परत आल्यावर दार उघडायच्या आधीच वास आला. तेव्हा सुधाकररावांनी अट घातली. कारखान्यातले त्यांचे निवृत्त मित्र दुपारी रमी खेळायला यायचे, आणि टाकी आल्यापासून त्यांचा अड्डा व्हरांड्यात गेला होता. बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात व्हरांडा म्हणजे तवा.

"दोनदा मेलं," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा ते फूल मेलं तर टाकी जाणार आणि खिडकीपाशी माझा दिवाण येणार. कबूल?"

"कबूल."

"मालूताई, तू साक्षीदार."

मालूबाई म्हणजे सुधाकररावांची थोरली बहीण. तुकईथडला दिलेली, मूलबाळ नाही, नवरा गेल्यापासून भावाकडे असायच्या. वाती वळता वळता त्या म्हणाल्या, "कबूल त कबूल. पन मले कशाले मधी घेता? मी काय कोर्ट हाये?"

तिसरी टाकी २०२१च्या दिवाळीत भरली. पुण्याला नोकरी करणारा मुलगा रितेश चार दिवस राहून सगळं बसवून गेला. इथलं पाणी जड, बादलीला पांढरा थर बसतो, म्हणून टाकीसाठी वेगळं आरओचं मशीन. लाइट जाते म्हणून पंपाला बॅटरी. आणि पाणी तापू नये म्हणून टाकीवर एक छोटा पंखा. त्या वाऱ्याने पाणी उडायचं, मीठ मात्र मागे राहायचं. म्हणून उडालं तेवढं बिनमिठाचं आरओचं पाणी रोज वरून घालायचं. किती घालायचं हे कळावं म्हणून सुनंदाबाईंनी काचेवर आपली लाल टिकली चिकटवली होती. टिकलीपर्यंत पाणी, कमी नाही, जास्त नाही.

हे काम मालूबाईंचं. सुनंदाबाईंना गुडघ्यांमुळे स्टुलावर चढवत नसे, आणि मालूबाई तशाही पहाटे उठायच्या. संध्याकाळी सुनंदाबाई आरओच्या पाण्याने प्लॅस्टिकचा पांढरा कॅन भरून ठेवायच्या, सकाळी मालूबाई तो टाकीत रिकामा करायच्या. सुरुवातीला त्या नाक मुरडत, "खायची नाही त मासोयी पाळायची कशाले?" मग एक दिवस त्यांनी जोडीला नावं ठेवली. आकाराने लहान, मागे मागे फिरणारा नर तो गोटू. मोठी, त्याला ढुशा मारून कामाला लावणारी मादी ती पाटलीण. समुद्रफुलाला त्या समुद्रकमळ म्हणायच्या आणि रोज सकाळी त्याला हात जोडायच्या. सुनंदाबाईंना हसू येई, पण बरंही वाटे. त्या घरात टाकीकडे प्रेमाने बघणारं दुसरं माणूस तेवढंच होतं.

पाच-सहा महिने सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं. एकदा सुनंदाबाईंनी कळ सोसत स्टुलावर चढून, बाही वर करून हात आत घातला आणि फुलाला बोट लावलं. फुलाने बोट धरलं. तेच धरणं. त्या दिवशी त्यांनी कुणाला काही न सांगता शिरा केला.

आखाजी झाली. पितरांच्या नावाने घागर भरली, पुरणपोळी आणि आंब्याचा रस झाला. ऊन पंचेचाळीसवर गेलं. आणि टाकीतल्या गोगलगाई काचेवरून सुटून वाळूत पडायला लागल्या.

आधी एक, मग दोन, मग सगळ्याच. सुनंदाबाईंनी खारटपणा मोजला, ठीक. पाण्याचं टेस्ट किट काढून सगळ्या नळ्या रंगवून बघितल्या; सगळं ठीक. दोन-चार दिवसांनी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झिंगा कात टाकता टाकता अर्ध्यातच अडकला आणि गेला. समुद्रफूल दिवा लागला तरी उमलेना. मुठीएवढं आकसून बसलं. गोटू आणि पाटलीण त्याच्या भोवती घिरट्या घालत, आत शिरायला जात, आणि बाहेर येत. ती दोघं मात्र खात-पीत होती, धडधाकट होती. हेच सुनंदाबाईंना उमगेना. पाणी वाईट असेल तर आधी मासे मरतात, हे पस्तीस वर्षांचं ज्ञान. इथे उलटंच.

"काय, दिवाणाचं माप घेऊन ठेवू का?" सुधाकरराव म्हणाले.

"घ्या. त्यावर मलाच झोपवून उचला एकदाचं."

"अगं, गमतीने म्हटलं."

"तुमच्या गमतीला कडू कारल्याची चव असते. आणि त्या तुमच्या मित्रांना सांगा, व्हरांड्यात बिड्या ओढायच्या नाहीत. धूर आत येतो."

"मासे बिड्यांनी मरत असते तर तापीत एक मासा उरला नसता."

तरी बिड्या बंद झाल्या. मग मच्छरची कॉइल बंद झाली. मग फिनाइल बंद झालं. एकदा सुधाकररावांनी दाढी करून लोशन लावलं, तर त्यांना पुढच्या खोलीतून हाकललं. आरओच्या जाळ्या बदलून झाल्या. तरी फूल तसंच. मग सुनंदाबाईंनी रिक्षा केली आणि शनवारा दरवाजाजवळच्या ललितच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. दुकानात पोपट, कुत्र्यांचे पट्टे, गोल्डफिशचे काचेचे गोळे, आणि मध्ये ललित.

"आंटी, आओ आओ. बसा."

"बसायला नाही आले. मीठ कुठलं दिलंस?"

"वही, जो दिवाळीला नेलं होतं. सेम पॅकेट."

"पॅकेट सेम आहे, पण आत काय भरलंय?"

ललितने कानाला हात लावले. "आंटी, मी काय पुड्या बांधत बसतो का? अपना धंदा गोल्डफिश पे चलता है. पूरे बुऱ्हाणपुर में समुद्रवाली कस्टमर आप अकेली. तुमच्यासाठी म्हणून माल मागवतो, और आप मुझ पे ही शक करते."

"मग मरतंय कशाने?"

"अब गर्मी भी तो देखो. माणसं मरताहेत." त्याने आवाज खाली आणला. "एक बात बोलू? गप्पी पाळा. गप्पी तो नाली में भी जिंदा रहते."

"तू नाकातला शेंबूड पुसत होतास तेव्हापासून मी गप्पी पाळत होते," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि नवीन मिठाचं पॅकेट उचलून निघाल्या. रिक्षावाल्याने वाटेत विचारलं, "अम्मा, इतना नमक, लोणचं घालताय का?" त्यालाही त्या बोलल्या.

नव्या मिठाचं पाणी प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये कालवून त्यांनी टाकीतलं अर्धं पाणी बदललं. दोन दिवस फुलाने थोडी बोटं काढली. सुनंदाबाईंनी ललितला फोन करून खडसावलं, की बघ, मीठच खराब होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फूल पुन्हा आकसलं. आता ललितला काय सांगणार? त्यांनी त्याचे फोन उचलणं बंद केलं.

त्या दिवसांत सुनंदाबाईंचा चेहरा सुकून गेला होता. पोळी करपायची, भाजीत मीठ दोनदा पडायचं. "टाकीतलं इकडे आणि इकडचं तिकडे झालंय," असं सुधाकररावांनी म्हटल्यावर ताट पुढून उचललं गेलं. एकट्या मालूबाई शांत होत्या. त्या रोज पहाटे टाकीपाशी जायच्या, टिकलीपर्यंत पाणी भरलेलं असायचं, कॅन रिकामा असायचा.

"नको काळजी करू, माय," त्या म्हणायच्या. "मी हाये ना. माझा नेम चालू हाये. बरं व्हईन."

"करा ताई नेम," सुनंदाबाई म्हणायच्या. "तुमचाच काय तो आधार."

नेम कसला, हे त्यांनी विचारलं नाही. मालूबाईंचे नेम वर्षभर चालत. कधी पिंपळाला, कधी मारुतीला.

शेवटी रितेशचा व्हिडिओ कॉल आला. मालूबाई तेव्हा देवळात गेल्या होत्या. सुनंदाबाईंनी फोन टाकीसमोर धरला.

"आई, मासे कसे आहेत?"

"मासे चरबी चढल्यासारखे आहेत."

"गोगलगाई?"

"गेल्या."

"झिंगा?"

"गेला. फूलही चाललंय. मला तर वाटतं रितेश, माझ्या हाताला यशच नाही."

"थांब जरा. मासे ठीक आणि बिनहाडाचे तेवढे मेले?" रितेशने लॅपटॉप उघडून काहीतरी शोधलं. "आई, तांबं असेल. तांब्याचा अंश पाण्यात उतरला तरी असले जीव मरतात. मासे तगतात, त्यांच्या तर औषधातच तांबं असतं."

"तांबं कुठून येणार? टाकी काचेची, पंप प्लॅस्टिकचा, ड्रम प्लॅस्टिकचा."

"पंपातली वायर उघडी पडली असेल. काढून बघ. मी तांब्याचं टेस्ट किट कुरिअर करतो."

सुनंदाबाईंनी पंप काढला. सुधाकररावांना चष्मा लावून बसवलं आणि त्यांच्याकडून तो उघडवला. वायर धड होती. दिव्याची पट्टी काढली. पंखा काढला. वाळू बोटांनी चाळून काढली, कुणी नाणं टाकलंय का म्हणून. "सत्यनारायणाचा पैसा टाकला असशील," सुधाकरराव म्हणाले. सुनंदाबाईंनी ओला हात त्यांच्या शर्टाला पुसला.

किट आलं. सुनंदाबाईंनी नळीत टाकीचं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले आणि खिडकीपाशी उजेडात धरलं. पाणी हळूहळू निळं होत गेलं. सोबतच्या कागदावरचे रंग जुळवून बघितले. शंका घ्यायला जागाच नव्हती.

"अहो!" त्या ओरडल्या. "तांबं निघालं! टाकीत तांबं निघालं!"

सुधाकरराव पेपर टाकून आले. मालूबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या आणि समाधानाने म्हणाल्या, "निंघनारच."

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आखाजीपासून मी तांब्याच्या हंड्यातलंच पानी घालते त्याहिले," मालूबाई म्हणाल्या. "वैशाखाचा नेम हाये माझा. वैशाखात तहानलेल्याले तांब्यातलं थंड पानी पाजावं. तुळशीले घालते, गायीले घालते, चिमण्याहिले ठेवते, मंग हे घरातले काय परके हायेत? त्या प्लास्टिकच्या डब्यातलं पानी ऊन ऊन लागते. मी सांजेले कॅन हंड्यात ओतते, रातभर ठेवते, अन् सकायी तांब्या-तांब्यानं टिकलीवर आनते. पोटाले चांगलं असते तांब्याचं."

दोघांच्या माना वळल्या. स्वयंपाकघराच्या दारातून हंडा दिसत होता. मालूबाईंना लग्नात माहेरहून मिळालेला, त्यांच्या आईचा. तो चिंचेने घासून त्यांनी नव्या नवरीसारखा गुलाबी काढला होता. रोज घासत असणार. चिंचेने उजळलेलं तांबं, त्यात आरओचं बिनक्षाराचं पाणी, रात्रभर; तांबं पाण्यात उतरणारच. सुनंदाबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवू नये हे त्यांना त्यांच्या आईने दहाव्या वर्षी शिकवलं होतं. फक्त ते आठवायचं सुचलं नाही.

"ताई," त्या म्हणाल्या. "ताई, तुम्ही विष घातलंत."

"आँ?"

"रोज सकाळी! हात जोडून! विष घातलंत तुम्ही त्याला! मी इथे लोकांशी भांडतेय, ललितला चोर ठरवलं, यांच्या बिड्या बंद केल्या, आणि तुम्ही—" त्यांनी नळी खिडकीत आपटून ठेवली. "एकदा विचारायचं तरी होतं! एकदा!"

मालूबाईंना आधी काही समजलंच नाही. मग त्या रागावल्या. "तांब्याचं पानी इख? देवाले चालते, मानसाले चालते, अन् तुह्या मासोयीले चालत नाही? मंग कसल्या गं त्या समुद्राच्या? समुद्रात काय तांबं नसते?"

सुधाकररावांना हसू आलं. ते दाबायला त्यांनी खोकला काढला, पण उशीर झाला होता.

"हसा!" सुनंदाबाई म्हणाल्या. "हसा, आणि दिवाण आणा!"

भांडत बसायला वेळ नव्हता. रितेशने फोनवर सांगितलं, फूल आधी बाहेर काढ, नव्या खाऱ्या पाण्यात ठेव. सुनंदाबाईंनी दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढून हात आत घातला. फुलाने दगड आपसूक सोडला, आणि हीच गोष्ट वाईट होती. धट्टंकट्टं फूल असं सुटत नाही. ड्रममध्ये नवीन मिठाचं पाणी केलं, त्यात ते ठेवलं, बॅटरीवरचा पंप लावला. पाणी तापू नये म्हणून बाहेरून ओले फडके गुंडाळले. दुपारी लाइट गेली ती आलीच नाही. सुधाकररावांनी, हे मात्र त्यांच्या नावावर लिहिलं पाहिजे, पत्त्यांचा डाव सोडून ड्रमला पुठ्ठ्याने वारा घातला. त्यांचे दोन मित्रही आळीपाळीने वारा घालत बसले. "आयुष्यभर बॉयलरला आग घातली," त्यातला एक म्हणाला, "आता हे पुण्य."

मालूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनंदाबाईंनी ड्रममध्ये बोट घातलं. फुलाची बोटं बोटाला लागली आणि सरकून गेली, शेवाळासारखी. पुन्हा लावलं. त्या बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मग हात धुतला आणि कुकर लावायला गेल्या.

जेवताना सुधाकरराव म्हणाले, "सुनंदा, मला वाईट वाटतं. पण ठरलं ते ठरलं."

"ठरलं तेव्हा हंडा ठरला नव्हता."

"कारण काहीही असो, असंच ठरलं होतं. फूल मेलं तर टाकी जाणार. विचार साक्षीदाराला."

मालूबाई ताटात बोटाने रेघा ओढत होत्या. दोन दिवसांत त्या पहिल्यांदा बोलल्या. "साक्षीदाराले ईचारतो का? मंग आयक, सुध्या. तू म्हने, तिच्या हातून मेलं तर. मेलं माह्या हातून. तिचा काय गुन्हा?"

"ताई, 'तिच्या हातून' असं मी म्हटलंच नव्हतं."

"म्हटलं. मले आयकू आलं. कोर्ट कोन हाये, तू का मी?"

सुधाकरराव तसं बोलले नव्हते, हे तिघांनाही माहीत होतं. सुधाकररावांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि ताक मागितलं. टाकी राहिली.

राहिली म्हणजे काच तेवढी राहिली. रितेशने दुसऱ्या दिवशी सांगितलं की तांबं खडकांत आणि वाळूत मुरतं, थोडं थोडं सुटत राहतं. "मासे राहतील आई, पण त्या टाकीत फूल आता ठेवू नको. ठेवायचंच तर सगळं फेकून नव्याने सुरू करावं लागेल." नव्याने म्हणजे चौथ्यांदा. नवऱ्यापुढे तो विषय काढणं शक्यच नव्हतं; सुनंदाबाईंनी फोन ठेवून दिला. जिंकून हरणं म्हणतात ते हे. टाकी त्यांची होती, आणि जिच्यासाठी टाकी होती ती गोष्ट तीत पुन्हा कधी जगणार नव्हती.

मालूबाई आता टाकीला शिवत नव्हत्या. सुनंदाबाई स्वतःच स्टुलावर चढायच्या, गुडघ्यातून कळ यायची आणि त्या पुटपुटायच्या. काही दिवसांनी त्यांनीच म्हटलं, "ताई, टिकलीपर्यंत पाणी कोण घालणार?"

"मी नाही घालत. माह्या हाताले इख हाये."

"हाताला नाही, हंड्याला. कॅनमधून घाला."

"तू घाल. तुले समजते सगळं."

गोटू आणि पाटलीण फूल होतं त्या खोबणीपाशीच फिरत राहिले. रिकाम्या दगडाला अंग घासायचे. ते बघवेना म्हणून सुनंदाबाई दिवा लवकर बंद करू लागल्या. पावसाळा लागल्यावर एके सकाळी त्या उठल्या तर पाणी टिकलीपर्यंत भरलेलं होतं, कॅन रिकामा होता, हंडा मोरीत पालथा कोरडा पडला होता, आणि टाकीच्या शेजारी कुंभाराकडचं एक लहानसं मडकं ठेवलेलं होतं.

"मातीचं हाये," मालूबाई आतून म्हणाल्या. "मातीत त दोष नाही ना? त्या पाटलिनीले घर पाह्यजे."

सुनंदाबाईंनी ते धुऊन, आडवं करून टाकीत ठेवलं. पाटलिणीने त्याला एक ढुशी मारली आणि पुन्हा दगडापाशी गेली. तिने त्या मडक्याकडे दोन वर्षं ढुंकून बघितलं नाही. मालूबाई रोज विचारायच्या, "गेली का?" सुनंदाबाई सांगायच्या, "नाही गेली."

या गोष्टीला आता तीनेक वर्षं झाली. ललितने समुद्राचा माल ठेवणं बंद केलं. सुनंदाबाईंनी त्याची माफी मागितली, तेव्हा त्याने चहा पाजला आणि पुन्हा गप्पींचंच नाव काढलं. आता मीठ पुण्याच्या दुकानातून कुरिअरने येतं. सुधाकरराव व्हरांड्यातच रमी खेळतात, तिथे आता कूलर आहे, आणि आपण पुठ्ठ्याने वारा घालून समुद्र कसा जवळजवळ वाचवला होता हे ते नव्या माणसाला सांगतात. रितेशची बदली गोव्याला झाली. त्याच्या घरापासून समुद्र चालत जाण्याएवढा जवळ आहे, आणि ऑफिसमुळे त्याला तिकडे जायला वेळ होत नाही. त्याने आईला नेलं तेव्हा ओहोटी होती, लांबवर खडक उघडे पडले होते. पण सुनंदाबाईंचे गुडघे वाळूच्या पुढे गेले नाहीत. त्या खुर्चीवर बसून शहाळं पिऊन आल्या.

मालूबाई २०२४च्या श्रावणात तुकईथडला पुतण्याकडे गेल्या होत्या, तिथेच गेल्या. हंडा सुनंदाबाईंकडे राहिला. त्यातलं पाणी माणसं पितात.

त्यानंतर महिन्याभरात पाटलिणीने मडक्याच्या पाठीवर अंडी घातली, केशरी, टाचणीच्या डोक्याएवढी. गोटू आठवडाभर त्यांना पंखाने वारा घालत होता. मग अंडी फुटून पिल्लं निघाली, आणि सकाळपर्यंत पंपाने ती ओढून नेली. तेव्हापासून दर काही दिवसांनी हेच चालतं. अंडी येतात, वारा घालून होतो, पिल्लं जातात. पिल्लांना वेगळी टाकी लागते, वेगळं अन्न लागतं, आणि वेगळ्या टाकीचा विषय काढला की सुधाकरराव पत्ते पिसायला लागतात.

सुनंदाबाई चिडतात, पंपाला जाळी बांधतात, जाळी तुंबते, पुन्हा काढतात. "विचारणारी होती तेव्हा घातली नाहीस," त्या पाटलिणीला म्हणतात. मग स्टुलावर चढून, गुडघ्याला शिव्या देत, कॅनमधून पाणी घालतात. जुनी टिकली निघून आली. तिच्या जागी त्यांनी नवी चिकटवली आहे, त्याच उंचीवर.